स्पेस स्टेशनवरून काढलेल्या फोटोत आपला भाग कसा शोधायचा? नवीन लोकांसाठी

शुभांशु शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये स्पेस स्टेशनवर राहून आले तेव्हापासून पोरांचा एकच प्रश्न असतो, वरनं आपलं गाव दिसतं का. तर घर नाही दिसणार, पण गावाजवळचं धरण दिसेल, नदीचं वळण, शहराचा पसारा, विमानतळाची धावपट्टी, हे सगळं दिसतं. आणि ते बघायला अंतराळवीर व्हायची गरज नाही, कारण १९६० च्या दशकापासून माणसांनी वर जाऊन कॅमेऱ्याने काढलेले पृथ्वीचे लाखो फोटो नासाने सगळ्यांसाठी फुकट ठेवलेत. अडचण एवढीच की बहुतेक जण तिथं जातात, सर्चमध्ये मुंबई टाकतात, जे दोन-चार फोटो येतात ते बघून परत येतात, आणि मग म्हणतात भारताचे फोटोच नाहीत. आहेत की! भरपूर आहेत, फक्त त्यातल्या बऱ्याच फोटोंवर कुणी नाव टाकलेलं नाही. ते कसे काढायचे आणि काढल्यावर वाचायचे कसे, ते सांगतो. सगळ्या पायऱ्यांमागे सूत्र एकच आहे: फोटोत काय दिसतंय ते नंतर बघा, आधी फोटो काढणारा माणूस कुठं होता ते बघा.

आधी थोडं स्टेशनबद्दल, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल

स्पेस स्टेशन साधारण ४०० ते ४२० किमी उंचीवरून फिरतं, वेग सेकंदाला साडेसात किमीच्या थोडा वर, एक फेरी साधारण दीड तासात. मुंबई ते नागपूर जेवढं सरळ अंतर आहे तेवढं ते दीड मिनिटाच्या आसपास कापतं. त्याच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कोन ५१.६ अंश, म्हणजे ते ५१.६ उत्तर आणि ५१.६ दक्षिण याच्या मधल्याच पट्ट्यावरून जातं. आपला सगळा देश त्या पट्ट्यात येतो, पण स्टेशन आपल्यावरून सरळ उत्तर-दक्षिण कधीच जात नाही, तिरकंच जातं, एकतर नैऋत्येकडून ईशान्येकडे नाहीतर वायव्येकडून आग्नेयेकडे. ही तिरकी चाल लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

फोटो निघतात मुख्यतः दोन जागांवरून. एक कुपोला, फेब्रुवारी २०१० मध्ये एंडेव्हर शटलने वर नेलेला सात खिडक्यांचा घुमट, मधली गोल खिडकी ८० सेंमीची आणि भोवती सहा. अंतराळवीरांचे खिडकीत बसलेले जे फोटो व्हायरल होतात ते बहुतेक इथलेच. दुसरी जागा डेस्टिनी लॅबच्या तळाची खिडकी, तिची काच खास फोटोग्राफीसाठीच चांगल्या दर्जाची बसवलीय, फक्त तिथून बघायला मिळतं ते जवळपास सरळ खाली. कुपोलातून मात्र चारही बाजूंना क्षितिजापर्यंत दिसतं, आणि त्या उंचीवरून क्षितिज म्हणजे २२०० किमीच्या आसपास. स्टेशन नागपूरवर असेल तर अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्ही एकाच वेळी नजरेच्या टप्प्यात.

आता सॅटेलाइट इमेज असताना हे कशाला, असं कुणी ना कुणी विचारतंच. सेंटिनेल-२ सारखे उपग्रह एकाच पद्धतीने, जवळपास सरळ खाली बघत आणि रोज साधारण सकाळी साडेदहाच्या स्थानिक वेळेलाच जातात. ते त्यांच्या कामासाठी बरोबरच आहे, शेतीचं मोजमाप करायचं तर प्रकाश सारखाच हवा. पण स्टेशनवरचा माणूस पहाटे फोटो काढतो, संध्याकाळी काढतो, रात्रीही काढतो, आणि तिरका काढतो. सह्याद्रीचा कडा खरा कसा उभा आहे ते कळायचं असेल तर सूर्य खाली असताना काढलेला तिरका फोटोच बघावा, साडेदहाच्या सरळ फोटोत डोंगर सपाट झालेले असतात.

पायरी १: नाव विसरा, अक्षांश-रेखांश घ्या

फोनवर कुठल्याही नकाशात आपल्या जागेवर बोट दाबून धरलं की दोन आकडे मिळतात. मुंबई साधारण १८.९७ उत्तर, ७२.८३ पूर्व. पुणे १८.५२, ७३.८६. कोल्हापूर १६.७०, ७४.२४. नागपूर २१.१५, ७९.०९. आकडे अंश-मिनिटांत घेऊ नका, असे दशांशात घ्या. लोणार सरोवर १९.९८, ७६.५१. पणजीच्या आसपासचं बघायचं तर १५.५, ७३.८ पुरे.

पहिल्यांदा करताय तर स्वतःच्या गावापासून सुरुवात करू नका असं मी सांगेन. आधी किनाऱ्यावरची जागा घ्या, कारण जमीन आणि पाणी यांची कड लगेच ओळखू येते. मराठवाड्याच्या मधोमध पहिला प्रयत्न केलात तर सगळीकडे तपकिरी शेतं दिसतील आणि तासाभरात कंटाळा येईल.

पायरी २: खरा साठा कुठं आहे

ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरची साइट आहे, गेटवे टू ॲस्ट्रोनॉट फोटोग्राफी ऑफ अर्थ, हे नाव सर्च केलं की पहिल्या एक-दोन रिझल्टमध्ये सापडते. दिसायला जुनाट आहे, मेनू अधूनमधून इकडेतिकडे होतात, त्याला घाबरू नका. आपल्याला लागणार आहे तो अक्षांश-रेखांशाच्या चौकटीने शोधायचा पर्याय.

आता नीट वाचा, सगळी गंमत इथंच आहे. प्रत्येक फोटोला दोन जागा असू शकतात. एक नेडिर पॉइंट, म्हणजे फोटो काढला त्या क्षणी स्टेशनच्या बरोबर खाली जमिनीवर जी जागा होती ती. दुसरा सेंटर पॉइंट, म्हणजे फोटोच्या मधोमध जी जागा दिसतेय ती. नेडिर कॅमेऱ्याच्या घड्याळावरून आणि कक्षेवरून आपोआप काढता येतो त्यामुळे तो जवळपास सगळ्या फोटोंना असतो. सेंटर पॉइंट मात्र फोटो बघून ठरवावा लागतो, त्यामुळे असंख्य फोटोंना तो नसतो, आणि ज्यांना तो नाही ते फोटो नावाने शोधून कधीच येत नाहीत.

म्हणून दोनदा शोधा. पहिल्यांदा सेंटर पॉइंटने, चौकट लहान ठेवा, आपल्या जागेच्या चारही बाजूंना अर्धा अंश. जे येतील ते तयार, ओळखलेले फोटो. दुसऱ्यांदा नेडिरने, आणि आता चौकट मोठी करा, चारही बाजूंना चार-चार अंश, कारण एक अक्षांश म्हणजे १११ किमी आणि स्टेशन ४००-४५० किमी लांब असलं तरी तिथून तिरका फोटो आरामात निघतो. रिझल्ट खूप येतील, त्यात ढग, सोलर पॅनल, कुठल्यातरी कॅप्सूलचा कोपरा, सगळं येईल. ते गाळायचं काम पुढच्या पायऱ्यांत.

शुक्लांच्या काळातले फोटो बघायचेत म्हणून कुणी तारखेने शोधणार असेल तर २६ जून ते १४ जुलै २०२५ अशी तारीख टाका. मोहीम ७३ चालू होती, त्यामुळे फोटो नंबरची सुरुवात आयएसएस०७३ अशी दिसेल. पण आधीच सांगतो, ऐन पावसाळ्याचे दिवस होते ते, दिवसाउजेडी महाराष्ट्रावर ढगांची गोधडी असायची. स्वच्छ महाराष्ट्र बघायचा तर दुसरी तारीख निवडा.

पायरी ३: फोटोखालचा तक्ता वाचायला शिका

फोटो उघडला की लोक फोटोकडे बघतात, साहजिक आहे. तुम्ही आधी खालचा तक्ता बघा.

फोटो नंबरचे तीन भाग असतात, मोहीम, रोल आणि फ्रेम. स्टेशनच्या फोटोंत मोहिमेनंतर ई असतो, तो डिजिटल कॅमेऱ्याचा. सुरुवातीला एसटीएस दिसलं तर शटलच्या काळातला फोटो, एएस दिसलं तर अपोलो. शेजारच्या फ्रेमचा नंबर टाकून पुढचे-मागचे फोटो बघत जा, कारण अंतराळवीर एक फोटो काढून थांबत नाहीत, धडाधड काढत जातात, आणि या फोटोत जे ओळखू येत नाही ते तीन फ्रेम पुढं समुद्रकिनारा आला की झटक्यात ओळखू येतं. माझ्या मते नवख्या माणसाला सगळ्यात जास्त मदत या एका सवयीची होते.

वेळ जीएमटीमध्ये असते, त्यात साडेपाच तास मिळवा. ०४३००० असं लिहिलं असेल तर जीएमटी पहाटे साडेचार, म्हणजे आपल्याकडे सकाळचे दहा. तारीख ओलांडली जाते का तेही बघा, जीएमटीचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचा दीड वाजलेला असतो.

उंची नॉटिकल मैलात असते, १.८५ ने गुणा. २२० लिहिलं असेल तर ४०७ किमी. सूर्याचा कोन दिलेला असतो, तो उणे असेल तर तो रात्रीचा फोटो, २० च्या आत असेल तर लांब सावल्या आणि डोंगर ठळक, ६० च्या वर असेल तर सगळं भगभगीत. ढगांची टक्केवारी असते, १० किंवा कमी असेल ते आधी उघडा. आणि तिरकेपणा तीन प्रकारात लिहिलेला असतो: जवळपास सरळ खाली, तिरका पण क्षितिज न दिसणारा, आणि क्षितिज दिसणारा. नवीन माणसाने मधला प्रकार घ्यावा. सरळ खालच्या फोटोत ओळखीची खूण कमी, क्षितिजवाल्या फोटोत देखावा जबरदस्त पण लांबचं सगळं चेपलेलं.

पायरी ४: लेन्सवरून चौकट किती मोठी ते काढा

तक्त्यात लेन्सची फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये असते. स्टेशनवर वर्षानुवर्षं निकॉनचे कॅमेरे आहेत, डी५ बरीच वर्षं होता, २०२४ पासून झेड९ आला. सेन्सर ३६ मिमी रुंद. मग हिशोब असा, स्टेशन ४०० किमीवर आहे आणि सरळ खाली बघतंय असं धरलं तर ४०० ला ३६ ने गुणा आणि लेन्सच्या आकड्याने भागा, उत्तर किमीत. २४ मिमीला ६०० किमी. ५० मिमीला २८८ किमी. ४०० मिमीला फक्त ३६ किमी, आणि ८०० ला १८. तिरका फोटो असेल तर अंतर वाढतं म्हणून चौकटही मोठी होते, पण अंदाजाला एवढं चालतं.

याचा फायदा काय, तर काय शोधायचं ते आधीच कळतं. लोणारचं विवर सुमारे १.८ किमी व्यासाचं. डी५ च्या फोटोची रुंदी ५५६८ पिक्सेल. ५० मिमीच्या फोटोत ते विवर साधारण ३५ पिक्सेलचं येणार, म्हणजे झूम केल्याशिवाय एक काळपट-हिरवा गोल ठिपका. ४०० मिमीत तेच २८० पिक्सेल, मग आतलं पाणी, काठावरची झाडी, कडेचा उंचवटा वेगवेगळं दिसायला लागतं. ५० मिमीच्या फोटोत विवराचा काठ शोधत बसणं फुकट, आणि ८०० मिमीच्या फोटोत अख्खं मुंबई बेट शोधणंही फुकट.

जाता जाता, लांब लेन्सचे बरेच फोटो हललेले असतात त्याला अंतराळवीर बिचारा जबाबदार नाही. जमिनीवरची जागा सेकंदाला सात किमीहून जास्त वेगाने मागं पळतेय, शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडं राहिलं तरी तेवढ्यात सात मीटर सरकतं. म्हणून कॅमेरा जागेबरोबर हळूच फिरवत राहावा लागतो, हाताने. नासाचे अंतराळवीर डॉन पेटिट २००२-०३ मध्ये वर असताना त्यांनी स्टेशनवरचे सुटे भाग गोळा करून रात्रीच्या शहरांसाठी असा फिरणारा स्टँड स्वतः जोडला होता. हेच पेटिट शेवटच्या मोहिमेवरून एप्रिल २०२५ मध्ये परतले ते त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी!

पायरी ५: फोटो फिरवा, ही मुख्य पायरी

आपल्याला नकाशाची सवय असते, वर उत्तर. या फोटोंत वर काहीही असू शकतं, वजनच नाही तिथं त्यामुळे माणूस कुठल्या बाजूने लोंबकळत होता त्यावर सगळं. म्हणून नेडिर आणि सेंटर घेऊन कागदावर एक बाण काढा.

समजा तक्त्यात नेडिर १७.० उत्तर, ७१.५ पूर्व आहे आणि सेंटर १९.०, ७२.९. पहिली जागा अरबी समुद्रात, दुसरी मुंबई. उत्तरेकडे दोन अंश म्हणजे २२२ किमी, पूर्वेकडे दीडशे किमीच्या आसपास, मिळून २६५-२७० किमी. म्हणजे स्टेशन समुद्रावर होतं, आपल्या नैऋत्येला, आणि माणूस ईशान्येकडे बघत होता. मग फोटोत वरची बाजू ईशान्य धरा, उत्तर जराशी डावीकडे झुकलेली येईल, किनारा खाली उजवीकडून वर डावीकडे तिरका जाईल, अलिबाग खाली उजवीकडे, वसई-विरार वर डावीकडे, डावा खालचा कोपरा सगळा समुद्र आणि उजवा वरचा कोपरा सह्याद्री. फोटोत असं दिसत नसेल तर कॅमेरा उलटा किंवा आडवा होता, फोटो ९० अंशाने किंवा १८० अंशाने फिरवून बघा, कुठल्यातरी एका वळणाला बसतंच.

आता खुणा जुळवा. मुंबईत सगळ्यात आधी ठाण्याची खाडी शोधा, पूर्वेकडची रुंद पाचर. मग मधोमध गडद हिरवा डाग, ते बोरिवलीचं नॅशनल पार्क, आणि त्याच्या दक्षिणेला तुळशी, विहार, पवई हे तीन तलाव ओळीने. लांब लेन्स असेल तर विमानतळाच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या, त्या दिसल्या की शंकाच नको. मुलुंड-भांडुपच्या बाजूला मिठागरांचे चौकोन. उरणच्या बाजूला न्हावाशेवा बंदराची सरळ कापल्यासारखी कड, निसर्गात अशी कड नसते. २०२४ नंतरचा फोटो असेल तर खाडीवरून आडवी जाणारी अटल सेतूची बारीक रेघ. ती रेघ नसेल तर फोटो जुना, तारीख न बघताही सांगता येतं.

गोव्यात मांडवी आणि जुवारी ही दोन मुखं आणि त्यांच्या मधे समुद्रात घुसलेलं पणजीकडचं टोक, एवढ्यावर काम होतं. बाकी कोकणात मात्र सावध राहा, खाड्या एकसारख्या दिसतात, दाभोळ का जयगड याच्यावर भांडणं होतात, तिथं दोन खाड्यांमधलं अंतर मोजल्याशिवाय काही बोलू नये.

देशावर धरणं धरा. कोयनेचा शिवसागर सह्याद्रीच्या कड्याला समांतर उत्तर-दक्षिण लांबलचक पसरलाय, दोन्ही बाजूंना असंख्य फाटे, असं दुसरं काही आसपास नाही. उजनी भीमेवर वळणावळणाची, जायकवाडी रुंद आणि पसरट. उजनी-जायकवाडी उथळ असल्यामुळे ऑक्टोबरच्या फोटोत फुगलेली आणि मेच्या फोटोत आकसलेली दिसतात, इतकी की नवीन माणसाला वाटतं धरणच वेगळं आहे. म्हणून आकार जुळत नसेल तर आधी महिना बघा.

एक फसवी गोष्ट सांगायलाच पाहिजे. कधीकधी डोंगर खड्ड्यासारखे आणि दऱ्या डोंगररांगेसारख्या दिसतात. उत्तर वर ठेवली की आपल्याकडे ऊन बहुतेक वेळा दक्षिणेकडून, म्हणजे फोटोच्या खालून येतं, आणि डोळ्याला सवय वरून उजेडाची, त्यामुळे मेंदू उलटं वाचतो. तक्त्यात सूर्याची दिशा दिलेली असते, ती बाजू वर येईल असा फोटो फिरवा, दऱ्या जागेवर येतात. ओळख पटली की परत उत्तर वर करून घ्या.

पायरी ६: पडताळा

वाटलं म्हणजे झालं नाही. दुसऱ्या टॅबमध्ये गुगल अर्थ किंवा इस्रोचं भुवन उघडा, तीच जागा तेवढ्याच झूमवर आणा, आणि निदान तीन खुणा जुळवा, त्याही एका ओळीत नसलेल्या. दोन खुणा योगायोगाने जुळू शकतात. गुगल अर्थमध्ये तिरकं बघायची सोय आहे, नेडिरच्या जागेवर ४०० किमी उंचीला जाऊन सेंटरकडे तोंड केलं की जवळपास फोटोतलाच देखावा समोर येतो, हे पहिल्यांदा जमतं तेव्हा लय भारी वाटतं.

नेडिरवर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. तो कॅमेऱ्याच्या घड्याळावरून आलेला असतो, घड्याळ एक मिनिट चुकलं की जागा चारशे किमी इकडची तिकडे. फोटोत किनारा आहे आणि तक्ता विदर्भ म्हणतोय असं झालं तर तक्ता चुकीचा.

रात्रीचे फोटो

यांचा नियम वेगळा. डोंगर-नदी विसरा, रस्ते आणि शहरांचा आकार धरा. मुंबईत दिव्यांच्या मधोमध काळं भगदाड दिसेल ते नॅशनल पार्कच, आणि खाडीच्या पलीकडे नवी मुंबईचे आखीव पट्टे. जुन्या फोटोत दिवे नारिंगी, सोडियमचे, नव्या फोटोत पांढरे होत गेलेत कारण रस्त्यांवर एलईडी आले. क्षितिजावर हिरवट पट्टा दिसतो तो एअरग्लो, वातावरणाचा स्वतःचा उजेड, साधारण ९५ किमी उंचीवर. निळसर-पांढरे फुटल्यासारखे गोळे म्हणजे ढगांतली वीज. वायव्येला वळवळती नारिंगी रेघ दिसली तर ती भारत-पाकिस्तान सीमेवरच्या दिव्यांची, हिचा २०११ मध्ये स्टेशनवरून काढलेला फोटो फार गाजला होता.

आणि समुद्रात दिवे दिसले की शहर समजू नका. सुनीता विल्यम्स मार्च २०२५ मध्ये परत आल्यावर भारताबद्दल बोलल्या तेव्हा त्यांनी गुजरात-मुंबईच्या किनाऱ्याबाहेरच्या मासेमारी बोटींचा आवर्जून उल्लेख केला होता, वरून येताना भारत आला याची खूणच ती. आपल्या कोळी बांधवांचे दिवे ४०० किमीवरून दिसतात!

कधीचे फोटो शोधायचे

जून ते सप्टेंबर सोडून द्या, रात्रीचे किंवा ढगांचेच हवे असतील तर गोष्ट वेगळी. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात उत्तम, पाऊस संपलेला, हवा धुतलेली, डोंगर अजून हिरवे, धरणं भरलेली. डिसेंबर-जानेवारीत ढग नसतात पण धुरकं वाढतं, उत्तरेकडे गंगेच्या मैदानावर तर राखाडी चादरच. मार्च ते मे सगळं तपकिरी, पण ज्यांना काळ्या दगडाचे थर आणि सुकलेली नदीपात्रं बघायचीत त्यांनी हेच महिने घ्यावेत.

फोटो झुंडीने येतात हेही लक्षात येईल, दोन आठवडे भरपूर आणि मग काहीच नाही. कारण एखाद्या जागेवरून स्टेशन जायची वेळ दर दिवशी साधारण २०-२५ मिनिटांनी अलीकडे सरकते, त्यामुळे काही दिवस उजेडात, मग काही दिवस अंधारात, आणि साधारण दोन महिन्यांनी चक्र पुन्हा तिथंच. वर झोपायच्या-उठायच्या वेळाही जीएमटीनुसार असतात, आपली सकाळ म्हणजे त्यांची मध्यरात्र नाहीतर पहाट, त्याचाही परिणाम होतोच. ह्यूस्टनमधली टीम कक्षा, ऊन आणि हवामान बघून काय टिपायचं याची यादी वर पाठवते, बाकीचे फोटो अंतराळवीर आपल्या मोकळ्या वेळात, हौसेने काढतात.

हात बसला की पुढे

जुने फोटो बघा. सप्टेंबर १९६६ मध्ये जेमिनी ११ चं यान मुद्दाम १३६० किमीहून जास्त उंचीवर नेलं होतं, त्या मोहिमेत काढलेल्या फोटोत भारताचं दक्षिण टोक आणि श्रीलंका अख्खी एका चौकटीत आलीय, स्टेशनवरून इतकं मोकळं कधीच येत नाही. त्याआधी फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन यांनी नेलेला एक कॅमेरा तर दुकानातून विकत घेतलेला साधा कॅमेरा होता. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सल्युत ७ वर होते तेव्हा त्यांच्या कामांतलं एक मोठं काम भारताचे वरून फोटो घेणं हेच होतं, पण ते सोव्हिएत स्टेशन असल्यामुळे नासाच्या साठ्यात शोधू नका.

स्टेशन स्वतः बघायचं असेल तर नासाचं स्पॉट द स्टेशन ॲप आहे, आपलं शहर टाकलं की वेळ आणि दिशा कळते. पहाटे किंवा संध्याकाळीच दिसतं, कारण तेव्हा आपल्याकडे अंधार आणि वर त्याच्यावर ऊन असतं. न लुकलुकता सरळ सरकत जाणारा झगझगीत ठिपका, चार-पाच मिनिटांत गायब. त्या पासची तारीख-वेळ लिहून ठेवा, आणि काही महिन्यांनी साठ्यात त्याच वेळेचे फोटो आलेत का ते नेडिरने शोधा.

फोटो वापरायला परवानगी लागते का? नाही, ते सगळ्यांसाठी खुले आहेत, शाळेच्या प्रोजेक्टला, ब्लॉगला, भिंतीवर लावायला बिनधास्त वापरा. फक्त श्रेय द्या, अर्थ सायन्स अँड रिमोट सेन्सिंग युनिट, नासा जॉन्सन स्पेस सेंटर असं, आणि सोबत फोटो नंबर लिहा, नंबर नसेल तर तो फोटो पुन्हा कुणाला सापडत नाही. अंतराळवीराचा चेहरा असलेला फोटो जाहिरातीत मात्र वापरू नका, त्याचे नियम वेगळे आहेत. मोठ्या प्रिंटसाठी पानावरची लहान फाइल घेऊ नका, मोठ्या आकाराची डाउनलोड करा, नसेल तर मूळ फाइलची मागणी करायची सोय त्याच पानावर असते, ती तयार व्हायला थोडा वेळ लागतो.